हट्टा परिसरातील वाहन-परावर्तन

अरुंद रस्त्यावर मोटार उलट दिशेस वळविणे ही क्रिया भूमितीच्या कक्षेत येते, असे शास्त्र मानते. वसमत तालुक्यातील हट्टा परिसरात मात्र ती ग्रामसभेच्या कक्षेत येते. एकपदरी रस्त्याची प्रमाणित रुंदी ३.७५ मीटर असते आणि लहान मोटारीसही एका दमात फिरण्यास नऊ-दहा मीटर व्यास लागतो, म्हणून पुढे, मागे, पुन्हा पुढे असे तीन टप्प्यांचे वळण घ्यावे लागते.

दिशाज्ञानापेक्षा आत्मविश्वास मोठा असलेले प्रस्तुत लेखक हट्ट्याची बारव, म्हणजे पायऱ्यांची दगडी विहीर, पाहून परतताना भलत्याच शेतरस्त्यास लागले. बारव सुंदर आहे. समोरून उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला. अशा जोडट्रॉल्या मागे रेटताच सांध्यावर दुमडतात, त्यामुळे वळण्याचे कर्तव्य कायद्याने नव्हे, तर वजनाने मोटारीवर येते.

एका बाजूस चारी, म्हणजे पाण्याचा चर, असेल तर मोटारीचे तोंड चारीकडे व पाठ भक्कम बाजूकडे ठेवावी, कारण धोका डोळ्यांसमोर राहतो, हे तत्त्व निर्दोष असले तरी शेजारी बसलेल्या सहधर्मचारिणीसही तो तितकाच स्पष्ट दिसतो, याचा त्यात विचार नाही, परिणामी "अहो, चारी!" हा उद्गार प्रत्येक टप्प्यास होत राहिला. त्यातच उसाचे पाणी साइडपट्टीत मुरलेले होते, आणि काळी माती ओली झाली की फुगून मऊ पडत असल्याने पुढचे चाक रुतले. "येऊ द्या, येऊ द्या", "डावीकडं फुल मारा", म्हणजे स्टेअरिंग पूर्ण फिरवा, आणि "बस्स!" या सूचना भोवती जमलेल्या सल्लागारांकडून एकाच क्षणी येऊ लागल्या. यांपैकी एकाही सल्लागाराचे चाक चिखलात नव्हते, ही नोंद आवश्यक आहे.

भक्कम बाजूच्या खळ्यात, म्हणजे मळणीसाठी चोपून टणक केलेल्या जागेत, शिजवलेली हळद वाळत होती. २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालेली ती वसमतची हळद. कोपरापर्यंत पिवळ्या हातांच्या एका आजींनी काहीही न बोलता रुतलेल्या चाकाखाली तुराट्या सारल्या, मग वाकून ताडपत्री हळदीसकट मागे ओढली आणि म्हणाल्या, "लेकरा, खळ्यात घालून फिरव की, सगळे तिथंच फिरवतेत."

मोटार मागून खळ्यात शिरली आणि वळली. "मी म्हणलंच होतं, फुल मारा," असे एका सल्लागाराने जाहीर केले.