भरती किती वाजता?

महाड-पोलादपूरची मुलं लंडनला एमएससी करायला जाऊ लागल्यापासून आमच्याकडे एक नवी जात तयार झाली आहे. तिला मी 'चिरंजीव' म्हणतो. कारण वडील बाजारपेठेतल्या दुकानात खिळे तोलता तोलता दर गिऱ्हाइकाला ऐकवतात, "आमचे चिरंजीव लंडनला असतात."

चिरंजीवांचा रविवार ठरलेला. डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी, आणि जायचं तिथे तिकीट नसावं. तिथल्या मोठ्या सरकारी संग्रहालयांची कायमची दालनं फुकट बघता येतात, त्यामुळे ब्रिटिश म्युझियम आणि नॅशनल गॅलरी त्याला पाठ आहेत. टॉवर ऑफ लंडनला तिकीट लागतं, म्हणून कोहिनूर अजून व्हायचा आहे.

आता, चित्रं बघावीत तर चित्रं बघावीत. पण महाडकराची नजर आधी भिंतीच्या तळाशी जाते. महाबळेश्वरला कोसळला आणि इकडे बाणकोटच्या खाडीला भरती असली, की सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरतं, हे त्याला बाराखडीआधी कळलेलं असतं. 22 जुलै 2021 च्या पुराची खूण घराच्या भिंतीवर आहे, त्याच्या डोक्याच्या वर. त्यामुळे तळमजल्यावर मौल्यवान वस्तू दिसली की तो अस्वस्थ होतो. "हे माळ्यावर का नाही ठेवत?" एकदा एका रखवालदाराला त्याने सरळ विचारलं, "भरती किती वाजता?" तो बिचारा बाथरूमकडे बोट दाखवून मोकळा झाला.

पण टेट गॅलरीने चिरंजीवांची लाज राखली. 1928 च्या 7 जानेवारीला, वरून आलेलं पाणी आणि समुद्राची भरती एकदम गाठ पडून थेम्स फुगली, मिलबँकचा कठडा फुटला आणि टेटच्या तळघरात पाणी भरलं. टर्नरसारख्या थोराची रेखाटनं भिजली! हे वाचून चिरंजीवांना जो आनंद झाला तो शोभणारा नव्हता. त्याने तिथूनच वडिलांना फोन लावला. वडील म्हणाले, "मग? माळा नव्हता त्यांच्याकडे?"

बाग म्हटली की लोक हाइड पार्कला जातात. हा थेम्स बॅरिअर पार्कला जातो. भरती रोखायला नदीत आडवे उभे केलेले 10 दरवाजे, 1984 साली राणीने रीतसर उद्घाटन केलेले, तिथून समोर दिसतात. डबा तिथेच उघडायचा. सोबतची मुलं फुलांचे फोटो काढतात, हा दरवाजांचे. दर फोटोखाली एकच मजकूर: "सावित्रीला असं काही?" घरच्या ग्रुपवर काकांचा अंगठा येतो. खर्च कोणी विचारत नाही.

पोलादपूरच्या आजीचं मागणं वेगळं होतं. "आरं, म्हाराजांची वाघनखं बघून ये." चिरंजीव भक्तिभावाने व्हिक्टोरिया अँड अल्बर्टला गेले. कपाटं पालथी घातल्यावर कळलं, वाघनखं तीन वर्षांसाठी उसनी भारतात गेली आहेत. नेमकी साताऱ्याला, जुलै 2024 मध्ये. आजीच्या दारातून आंबेनळी घाट चढला की प्रतापगडाचा फाटा, पुढे महाबळेश्वर, वाई, सातारा. आजीने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग तू तिकडं कशापायी गेलास?" (ती नखं खुद्द महाराजांचीच, याची हमी म्युझियम देत नाही. हे आजीला सांगायला आमच्यातला एकही पुढे आलेला नाही.)

एकाच ठिकाणी तो पाण्याचं काही बोलला नाही. प्रिमरोझ हिलजवळ 10, किंग हेन्रीज रोड. 1921-22 मध्ये डॉ. आंबेडकर तिथे राहत, 2015 साली महाराष्ट्र सरकारने ते घर घेतलं. चवदार तळ्याच्या गावचा मुलगा तिथे गप्प उभा राहिला, हे मला त्याच्यापेक्षा त्याच्या मित्राकडून कळलं. सांगताना चिरंजीवांनी मात्र टेकडीची उंची सांगितली.

सुट्टीत आला की तो आपल्याला गांधारपाल्याची लेणी दाखवायला नेतो. बारा वर्षं एसटीच्या खिडकीतून बघितलेली, पण आत्ताशी पायऱ्या चढलेली. माहिती चांगली देतो, जरूर जा. फक्त एवढी उंच लेणी का कोरली हे त्याला विचारू नका. त्याचं उत्तर बौद्ध भिक्षूंना पटणार नाही.