सत्यप्रत

आमचे साडू अण्णा पस्तीस वर्षं लोकल फंड ऑडिटला होते. ग्रामपंचायतीच्या खुर्च्या, शाळेतल्या घंटा आणि दवाखान्यातल्या खाटा मोजण्यात त्यांची हयात गेली. डेडस्टॉक रजिस्टर उघडायचं, समोरच्या कारकुनाला 'दाखवा' म्हणायचं, वस्तू दिसली की लाल पेनाने बरोबरची खूण करायची, नाही दिसली की आक्षेप काढायचा. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण 'दाखवा' काही सुटलेलं नाही. 2025 च्या मे-जूनमध्ये आम्ही दोन जोडपी चाळीस दिवस लंडन, पॅरिस, ब्रसेल्स, फ्लोरेन्स आणि रोम फिरून आलो. बाकीचं जग युरोप बघत होतं आणि अण्णा युरोपचा डेडस्टॉक तपासत होते.

असा माणूस ऑडिटातलाच असावा लागतो असं नाही. तुमच्या ग्रुपमध्येही एक असेलच. त्याची निघण्यापूर्वीच सगळी शहरं मोबाइलवर पाहून झालेली असतात. जाऊन काही नवं बघायचं त्याच्या मनातच नसतं. व्हिडिओत दाखवलेला माल जागेवर आहे की नाही, तेवढी खात्री करून त्याला परत यायचं असतं. अण्णांचं वेगळेपण इतकंच, की त्यांच्याकडे त्यासाठी छापील तक्ता आखलेली दोनशे पानी वही होती. अनुक्रमांक, शहर, वस्तू, प्रत्यक्ष पाहिले किंवा नाही, शेरा. ताईंनी, म्हणजे माझ्या मेव्हणीने, बॅगेत कंदी पेढे आणि भडंग घेतलं होतं. त्याचं वजन जास्त भरायला लागल्यावर अण्णांनी आपला एक स्वेटर काढला, पण वही काढली नाही.

पहिला आक्षेप लंडनमध्ये, उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी निघाला. त्यांची लेक हॅरोला राहते. तिने मोठ्या हौसेने वेस्टमिन्स्टरला नेलं आणि म्हणाली, "बाबा, हे बिग बेन." अण्णांनी मनोऱ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं. "हे नव्हे. हा एलिझाबेथ टॉवर. 2012 ला नाव बदललंय. बिग बेन ही आतली घंटा. साडेतेरा टनांच्या वर वजन आहे तिचं. कुठाय?" घंटा आत होती, रस्त्यावरून दिसण्यासारखी नव्हती. तेवढ्यात अकराचे ठोके पडले. लेक म्हणाली, "ऐका, वाजली!" अण्णांनी शेरा लिहिला: आवाज ऐकला, वस्तू पाहिली नाही.

लंडन ब्रिजवर तर ते चाटच पडले. आम्ही ज्याचे फोटो काढत होतो तो टॉवर ब्रिज निघाला आणि लंडन ब्रिज म्हणून जो दाखवला तो 1973 चा साधा सिमेंटचा पूल. त्याच्या आधीचा 1831 चा दगडी पूल 1968 मध्ये एका अमेरिकन उद्योजकाला विकला आणि तो दगड दगड सुटा करून ॲरिझोनात नेऊन पुन्हा उभारला. अण्णांनी पुलावर उभं राहून विचारलं, "म्हणजे पूल विकला? लिलाव कुणी केला?" पुढचे तीन दिवस ते ट्यूबमध्येही याच विषयावर बोलत होते. आमच्या जिल्ह्यात पूल कागदावर बांधून गायब झालेला त्यांनी पाहिला होता. पावती फाडून नेलेला पाहिला नव्हता.

पॅरिसला अण्णांना खरं रान मिळालं. आयफेल टॉवर 330 मीटर, ही नोंद त्यांनी विनातक्रार मान्य केली. पण हा मनोरा 1889 च्या प्रदर्शनासाठी फक्त वीस वर्षांच्या परवान्यावर उभा केला होता आणि 1909 मध्ये तो पाडायचा होता, हे कळल्यावर त्यांच्या डोळ्यांत जुनी चमक आली. बिनतारी संदेशांसाठी उपयोगी पडतो म्हणून तो वाचला. "तात्पुरतं बांधकाम!" अण्णा म्हणाले. "पाहुणे, जगात कुठेही जा, तात्पुरतं बांधकाम कोणी पाडत नाही." मग त्यांनी लिफ्ट नाकारली. दुसऱ्या मजल्यापर्यंत 674 पायऱ्या आहेत असं जाहीर केलेलं होतं आणि ते प्रत्यक्ष मोजल्याशिवाय खूण करणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. वय सहासष्ट, गुडघे त्याहून थोडे मोठे. मी मागे चढत होतो. त्यांची मोजणी 669 आली. पाच पायऱ्यांची तूट. ते पुन्हा खाली जाऊन मोजायला निघाले होते, पण ताईंनी खालून फोन केला, "त्या स्पॅनिश माणसाला 'बाजूने चला' म्हणून सांगत होतात तेव्हा पाच पायऱ्या चढलात. मी बघत होते. या खाली, भूक लागलीय." खालून तेवढं दिसणं शक्यच नव्हतं, पण अण्णांनी तूट निर्लेखित केली. घरच्या साक्षीला ऑडिटरही मान देतो.

नोत्र दामसमोर ते बराच वेळ गप्प होते. 2019 च्या आगीनंतर डागडुजी होऊन 2024 च्या डिसेंबरात ते पुन्हा उघडलं, हे त्यांना माहीत होतं. ते टोकदार कळसाकडे बोट करून म्हणाले, "हा आताचा. जळाला तो 1859 चा. मग यात बाराव्या शतकातलं काय काय आहे, ते वेगळं काढून दाखवा." दाखवणार कोण? आसपास हजारभर माणसं माना वर करून उभी होती. त्यातली निम्मी गोड हसत स्वतःचाच फोटो काढत होती.

मोनालिसापाशी गर्दीत त्यांनी हवेत वीत धरून माप घेतलं. उंची 77 सेंटिमीटर, रुंदी 53. बरोबर. तरीही खूण केली नाही. का, तर 1911 मध्ये लूव्हरमध्येच काम केलेल्या एका माणसाने चित्र पळवलं होतं आणि ते 1913 च्या शेवटी फ्लोरेन्समध्ये सापडलं. "दोन वर्षं वस्तू ताब्याबाहेर होती. परत आली तेव्हा पंचनामा झाला असेल, पण आता काचेआडून मी कसं सांगू?" चोरीनंतर लोक रांगा लावून नुसती रिकामी भिंत बघायला येत, असं त्यांनीच मला सांगितलं. "त्या लोकांचं बरोबर होतं," अण्णा म्हणाले. "जागा रिकामी आहे, ही नोंद तरी शंभर टक्के खरी."

ब्रसेल्सला सू करणारं ते प्रसिद्ध पोर आमच्या कमरेइतकंही उंच नव्हतं आणि वर नक्कल निघालं. मूळ मूर्ती शहराच्या मुख्य चौकातल्या नगर संग्रहालयात सुरक्षित ठेवलेली. रस्त्यावर शंभरेक माणसं नकलेचे फोटो काढत होती आणि अण्णा आम्हाला तिकीट काढून मूळ बघायला घेऊन गेले. आत आम्ही चौघे आणि एक झोपाळू पहारेकरी. मूळ पोराला पाणी नव्हतं. ताई म्हणाल्या, "म्हणजे काम करतो तो बाहेर उन्हात आणि साहेब इथे एसीत." पस्तीस वर्षं ऑडिटातल्या माणसाशी संसार केल्याशिवाय असं वाक्य सुचत नाही.

फ्लोरेन्सच्या चौकात डेव्हिडचा पुतळा दिसला, तोही 1910 मध्ये बसवलेली प्रत. खरा 1873 पासून संग्रहालयात. रोममध्ये कॅपिटोलिन टेकडीवरचा घोड्यावरचा सम्राट, तीही प्रत. अण्णा आता कुठल्याही पुतळ्यासमोर गेले की आधी त्याची पाठ बघत. रोममध्ये त्यांनी खूण केलेली एकच गोष्ट मला आठवते: रस्त्यारस्त्यावरचे लोखंडी नळ, ज्यांतून थंडगार पाणी चोवीस तास फुकट वाहतं. त्यापुढे शेरा होता: चालू स्थितीत. ताई आणि माझी बायको त्या नळाशी बसून रोमन बायकांच्या चपला बघत होत्या. त्यांना पुढे कुठेही जायचं नव्हतं.

शेवटचा आठवडा पुन्हा लंडनमध्ये होता. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला तिकीट नाही, पाऊस होता, म्हणून गेलो. तिथे दोन प्रचंड दालनं नुसत्या नकलांची आहेत. एकोणिसाव्या शतकात प्लास्टरमध्ये घेतलेल्या, युरोपभरच्या वस्तूंच्या. रोमला आम्ही अखंड उभा पाहिलेला ट्रेजनचा स्तंभ इथे छताखाली मावला नाही म्हणून दोन तुकडे करून शेजारीशेजारी ठेवलाय. आणि डेव्हिड! 1857 मध्ये व्हिक्टोरिया राणीला भेट आलेला. राजघराण्यातल्या बायका बघायला आल्या की अडकवायचं म्हणून एक अंजिराचं पान करून घेतलं होतं, तेही मागे वेगळ्या काचेत ठेवलंय. अण्णा त्या पानासमोर भारावून उभे राहिले. "बघा. वस्तू नक्कल आहे, तसं लिहिलंय. पान वेगळं आहे, त्याचीही वेगळी नोंद. याला म्हणतात सत्यप्रत!" चाळीस दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान मी पाहिलं नव्हतं. एका दालनात त्यांनी अकरा खुणा केल्या.

मग त्यांनी राखून ठेवलेलं काम काढलं. याच संग्रहालयातली वाघनखं तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आली, ती 2024 च्या जुलैत साताऱ्याच्या संग्रहालयात. अण्णांनी रांगेत उभं राहून ती तिथे पाहिली होती. आवक पाहिली, आता जावक बघायची होती. त्यांनी माहिती कक्षातल्या बाईंना विचारलं, "मॅडम, टायगर क्लॉज. बिफोर सातारा, व्हेअर?" बाईंनी संगणकात पाहिलं आणि ती सध्या इथे नाहीत, भारतात आहेत, असं सांगितलं. अण्णा खूश झाले. आवक-जावक जुळली. ही वाघनखं शिवाजी महाराजांनी वापरलेलीच, हे खात्रीने सांगता येत नाही, असं या संग्रहालयानेच म्हटलेलं आहे, आणि अण्णांनी तेही वाचलेलं आहे. त्या ओळीपुढच्या शेऱ्याच्या रकान्यात मात्र त्यांनी काही लिहिलं नाही. साताऱ्यातच राहायचंय त्यांना.

विमानात त्यांनी बेरीज केली. एकूण वस्तू 112, प्रत्यक्ष पाहिल्या 71, आक्षेप 41. शेवटच्या पानावर दाखला लिहिला: 'वरील पडताळणी आमच्या समक्ष झाली.' खाली तीन नावं. मी सही केली, माझ्या बायकोने केली. ताईंनी पेन परत दिलं. "मी कुठे काय बघितलं?" त्या म्हणाल्या. "चाळीस दिवस मी हे कुठे गेले, तेच शोधत होते."

वही आता अण्णांच्या कपाटात आहे. ताईंच्या सहीची जागा अजून कोरी आहे.