उत्कृष्ट गोलंदाज

शहापूर-मुरबाडकडे भात झोडून झालं, पेंढा रचला, की रिकाम्या शेतावर रोलर फिरतो. फक्कीची रेघ पडते, मांडव उभा राहतो आणि पुढाऱ्यांच्या फोटोंच्या गर्दीत स्पर्धेचं नाव हुडकावं लागेल असा बॅनर झळकतो. तेव्हापासून पहिला पाऊस पडेपर्यंत आमचा एक माणूस रविवारी घरी सापडत नाही. वय बेचाळीस, पोट जर्सीच्या पुढे, गुडघ्याला पट्टा. गाव त्याला 'उत्कृष्ट' म्हणतं. खरं नाव आता फक्त सोसायटीच्या कर्जाच्या वहीत उरलंय.

संघ जिंको की हरो, त्याला त्याचं सोयरसुतक नाही. फायनलचे पन्नास हजार अकरा जणांत वाटले जातात, त्यात मटणाचा खर्च वजा होतो. 'उत्कृष्ट गोलंदाज' मात्र एकट्याचा. पहिलीच मॅच हरून संघ टेम्पोत बसला तरी हा मांडवात जाऊन गुणलेखकाच्या खांद्यावरून वहीत डोकावतो. "माझ्या दोन विकेट धरल्या ना? ती कॅच माझ्याच बॉलवर होती हां."

टेनिस बॉलची मॅच बहुधा चार षटकांची. एका बोलरच्या वाट्याला फार तर एक षटक. म्हणजे पाच मॅचा खेळून फायनल मारली तरी सगळे मिळून तीस चेंडू. उलट अमेरिकेत बेसबॉलच्या साय यंग नावाच्या पिचरच्या, म्हणजे तिकडच्या गोलंदाजाच्या, खात्यावर 511 विजय जमा आहेत. 1956 पासून तिकडे त्याच्या नावाने वर्षातल्या श्रेष्ठ पिचरला पुरस्कार देतात आणि तो बेसबॉलवर लिहिणारे पत्रकार मतदान करून ठरवतात. आमच्याकडे निवडसमिती म्हणजे तो वहीवाला पोरगा आणि त्याच्या बाजूला बसलेला समालोचक. समालोचकाला कोणी थंडा पाजला यावर बरंच अवलंबून असतं, असं उत्कृष्टचं मत. म्हणून तो स्वतःच पाजतो.

आता हाताबद्दल. त्याचा हात कोपरात वाकतो हे किन्हवलीपासून सरळगावपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. तो पळत येतो, पंचाच्या मागे क्षणभर दिसेनासा होतो, आणि मग चेंडू येतो तो आंब्यावर धोंडा मारावा तसा. बांधावरून समोरच्या गावाची पोरं ओरडतात, "फेकीऽऽऽ!" पंच याच्याकडे बघतो, मग बांधाकडे बघतो, कुठल्या बाजूला माणसं जास्त आहेत ते मोजतो आणि निर्णय देतो. आयसीसीच्या नियमाने कोपर 15 अंशांपर्यंत सरळ झालेला चालतो. उत्कृष्टला हा आकडा तोंडपाठ आहे. पंचाला तो दरवर्षी ऐकवतो, "पंधरा डिग्री अलाउड हाय, तुमच्याकडे मोजायला काय हाय?" मोजायला कोणाकडेच काही नसतं. मग तो मुरलीधरनवर येतो. 1995 साली मेलबर्नला पंच डॅरेल हेअरने मुरलीला नो-बॉल दिले होते, पुढे त्याच मुरलीने कसोटीत 800 बळी घेतले. "हेअर आता कुठं हाय?" असं तो पंचाला विचारतो. पंच धसईचा रिक्षावाला असतो. त्याला हेअर माहीत नसतो, पण आवाज चढलेला कळतो.

एकदा पुण्याला शिकणाऱ्या भाच्याने त्याला मोबाइलवर बेसबॉल दाखवला. पिचर कोपर दुमडून, पाय छातीपर्यंत उचलून सरळ फेकत होता. उत्कृष्टने तीनदा मागे नेऊन बघितलं. "आणि ह्याला बक्षीस देतात?" भाचा म्हणाला, देतात. "अंतर किती?" साडेसाठ फूट. आपली खेळपट्टी 22 यार्ड, म्हणजे 66 फूट. उत्कृष्टने मनातल्या मनात साडेपाच फुटांचा हिशेब केला आणि त्या दिवसापासून आपला जन्म चुकीच्या देशात झाला याबद्दल त्याची खात्री पटली. खोटं कशाला बोला, मलाही थोडी पटली.

'एक गाव एक संघ, आधार कार्ड सक्तीचे' हा नियम आला तेव्हा बऱ्याच भाडोत्री खेळाडूंचे वांधे झाले. याचे झाले नाहीत. आधार शहापूर तालुक्यातलं, रेशनकार्डावर नाव मुरबाडात सासुरवाडीला. जिथे जे मागतील तिथे ते काढतो. सासुरवाडीचा संघ एकदा आमच्याच गावाविरुद्ध पडला तेव्हा हा सकाळभर ताप आला म्हणून पडून होता. ताप कोणत्या तालुक्याचा, ते वहिनींनाही कळलं नाही.

घरात टीव्हीशेजारच्या शोकेसमध्ये चषक दाटीवाटीने उभे आहेत. मी जवळून बघितले. खाली 'उत्कृष्ट गोलंदाज' आणि वर सोनेरी प्लास्टिकचा माणूस हातात बॅट घेऊन उभा. एक सोडून सगळ्यांवर बॅटवालाच. दुकानात तोच साचा मिळतो. उरलेल्या एकावर माणूसच नाही, नुसती स्प्रिंग डुलतेय. एका चषकाचा कागद कोपऱ्यात सुटला होता. त्याखालून 'समूहनृत्य, द्वितीय' डोकावत होतं.

वहिनींना या शोकेसचं कौतुक नाही. त्या धूळ पुसता पुसता म्हणतात, "मालिकावीराला मोटारसायकल, बॅटिंगवाल्याला कूलर, आणि ह्यांना टेबल फॅन. तीन फॅन झाले, भाऊजी. खोल्या दोनच हायेत."

2024 साली ठाण्यात दादोजी कोंडदेव स्टेडियमवर टेनिस बॉलची मोठी लीग भरली, मुंबईच्या संघाचे मालक खुद्द अमिताभ बच्चन. ज्या खेळाला पोरं वाया जातात म्हणून बापांनी शिव्या घातल्या त्याचा टीव्हीवर लिलाव झाला. उत्कृष्टने तो सगळा बघितला. नंतर महिनाभर अनोळखी नंबरचा प्रत्येक फोन तो दुसऱ्या रिंगच्या आत उचलत होता. निम्मे फोन कर्ज देणाऱ्यांचे निघाले, त्यातलं एक त्याने घेतलंही.

यंदा मुरबाडच्या बाजूच्या एका स्पर्धेत त्याचे आणि टोकावड्याकडच्या एका कॉलेजातल्या पोराचे बळी सारखे झाले. पोराचा हात छडीसारखा सरळ. समितीने चिठ्ठ्या टाकायचं ठरवलं, पण प्रमुख पाहुणे तीन हळदी उरकून येणार होते. पाहुण्यांची गाडी लागली तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते आणि पोराची शेवटची जीप निघून गेली होती. चिठ्ठीची गरजच उरली नाही. नाव पुकारलं, डीजेने ढणढणाट केला, उत्कृष्ट गुडघ्याचा पट्टा सारखा करत स्टेजवर चढला. पाहुण्यांनी चषक हातात दिला, वरच्या सोनेरी माणसाकडे बघितलं आणि उत्कृष्टच्या पाठीवर थाप मारली. "छान बॅटिंग केलीस."

"साहेबांचे आशीर्वाद," उत्कृष्ट म्हणाला, आणि फोटोसाठी चौथा टेबल फॅन छातीशी धरला.