टोमॅटोला अवकाश आहे

(पुण्यातल्या एका सोसायटीची गच्ची. मेअखेरची सकाळ. आजी एका गोणीत कोपरापर्यंत हात घालून काहीतरी चाचपताहेत. चौथ्या मजल्यावरचा आयटीवाला दोन्ही हातांत पिशव्या घेऊन धापा टाकत वर येतो.)

आयटीवाला : आजी, सगळं आणलं! कोकोपीट, लाल माती, गांडूळखत, निंबोळी पेंड आणि हे शेण. एकदम फ्रेश! सकाळी सहाला गोठ्यावरून उचललं.

आजी : फ्रेश कशाला हवंय? कोथिंबीर आहे का ती?

आयटीवाला : व्हिडिओत शेण म्हणाले होते.

आजी : शेणखत म्हणाले असतील. महिनोन्‌महिने कुजलेलं, काळं, चिमटीत भुगा होणारं. हे आत्ता कुंडीत घातलंस तर आतल्या आत तापेल, अमोनिया सुटेल आणि मुळं भाजून निघतील.

आयटीवाला : पण मी टोमॅटोची रोपं मागवलीत. मंगळवारी येतायत.

आजी : येऊ देत. पाणी विचार. राहायची सोय नाही म्हणून सांग.

(आयटीवाला खट्टू होऊन कोकोपीटची वीट बादलीत टाकतो. वीट फुगायला लागते तसा त्याचाही उत्साह फुगतो.)

आयटीवाला : पाच किलोची सत्तर लिटर होते म्हणे! आता हेच पाणी मातीत...

आजी : ओतून टाक ते. नारळाची सोडणं कुठेकुठे खाडीच्या पाण्यात भिजत पडलेली असतात. त्यातलं मीठ उतरलेलं असतं. दोन-तीनदा धू. तांदूळ धुतोस ना?

आयटीवाला : मावशी धुतात.

आजी : मग मावशींना विचार.

आयटीवाला : बरं, प्रमाण सांगा. टक्क्यांत.

आजी : घमेल्यांत. एक घमेलं लाल माती, एक कोकोपीट, एक जुनं खत. वर दोन मुठी निंबोळी पेंड.

आयटीवाला : मूठ कोणाची धरायची? स्टँडर्ड काय?

आजी : तुझी धर. माझी तुला कुठून मिळायची?

आयटीवाला : आणि लाल माती विकत कशाला? खाली काळी फुकट पडलीय.

आजी : शेतात ती सोनं आहे, कुंडीत शिक्षा आहे. ओली झाली की लगदा, वाळली की भेगा. पाणी घातलंस की भेगांतून आणि कुंडीच्या कडेनं थेट बशीत. मुळं कोरडीच.

आयटीवाला : तळाला विटांचे तुकडे तरी घालू ना? निचऱ्याला? सगळे घालतात.

आजी : भोकावर एक खापर ठेव, पुरे. बारीक मातीतलं पाणी जाड तुकड्यांत सहजी उतरत नाही, वरच अडून बसतं. निचरा वाढत नाही आणि मुळांची चार बोटं जागा मात्र जाते. सगळे घालतात हे खरं. सगळे सिग्नलही तोडतात.

(सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून येतात.)

सेक्रेटरी : आजी, तिसऱ्या मजल्यावरून तक्रार आहे. वास.

आजी : कसला? सडक्या अंड्याचा, की डोळ्यांना झोंबणारा?

सेक्रेटरी : त्यातही प्रकार असतात?

आजी : अंड्याचा असेल तर पाणी फार आणि हवा कमी. ढीग उलथायचा, कोरडा पाला मिसळायचा. झोंबणारा असेल तर नत्र फार. तरी पालाच मिसळायचा. जो पाला तुम्ही मार्चमध्ये मागच्या कोपऱ्यात जाळलात.

सेक्रेटरी : वॉचमननं जाळला.

आजी : काडेपेटी तुमची होती. असू दे. या गोणीचा वास घ्या.

सेक्रेटरी : (रुमाल काढून, वाकून) अरेच्चा! वळवाच्या पावसासारखा येतोय.

आजी : मुरलेल्या मातीला तोच वास असतो.

(दोघं हळूच आयटीवाल्याच्या पिशवीकडे बघतात. तो ती पायामागे सरकवतो.)

सेक्रेटरी : वासाचं राहू द्या. वजनाचं काय? गच्चीला चौरस मीटरला १५० किलो धरलेत, असं इंजिनिअर म्हणतो.

आजी : बरोबर म्हणतो. ओली माती लिटरला दीड किलोच्या पुढे जाते. ४० लिटरचं पिंप नुसत्या मातीनं भरलं तर साठाच्या वर किलो, असली तीन एका मीटरात ठेवली की तुमची गच्ची भरली. म्हणून तर कोकोपीट. आणि माझी पिंपं बघा, एकही मधोमध नाही. खाली तुळई आहे तिथेच उभी आहेत.

सेक्रेटरी : (वहीत काहीतरी लिहितात आणि खोडतात.)

आयटीवाला : आजी, पण हे सगळं मिसळल्यावर लगेच रोप का नाही लावायचं? सेंद्रियच तर आहे.

आजी : सेंद्रिय आहे म्हणूनच. पेंड आणि अर्धवट कुजलेला पाला खायला आधी जिवाणू येतात. त्यांना नत्र लागतो, तो ते मातीतनं उचलतात. रोपाला उरत नाही, पानं पिवळी पडतात. मग तुझ्यासारखी माणसं घाबरून आणखी पेंड घालतात. जिवाणूंचं आटोपलं की तोच नत्र मातीला परत मिळतो. महिना-दीड महिना लागतो. गोणी सावलीत ठेवायची, आठवड्याला उलथायची. ओल कशी, तर मुठीत लाडू वळावा पण पाणी ठिबकू नये.

आयटीवाला : (गोणीत डोकावून) आजी! यात पांढरी बुरशी आलीय! फेकू?

आजी : हात लावशील तर बघ. या सोसायटीत वेळेवर काम करणारी ती एकटीच आहे.

सेक्रेटरी : (खाकरतात.)

आयटीवाला : हे कुठल्या चॅनेलवर आहे?

आजी : पुस्तकात आहे. श्री. अ. दाभोळकरांचं 'विपुलाच सृष्टी' वाच. माणूस गणितातला. द्राक्षवाल्या शेतकऱ्यांना घेऊन प्रयोग परिवार उभा केला त्यांनी.

आयटीवाला : ऑडिओ बुक आहे का?

आजी : आहे की. रोज सकाळी सातला, इथेच. गोणी उलथता उलथता ऐकायचं.

(जून संपत आलेला. आयटीवाल्याच्या गोणीवर ताडपत्री. पावसानं खत धुऊन जाऊ नये म्हणून सेक्रेटरींनी स्वतः बांधलेली. आयटीवाला एक वाटी घेऊन येतो.)

आयटीवाला : तुम्ही सांगितल्याप्रमाणे मेथीचे दहा दाणे पेरले. चार उगवले.

आजी : आणि ओल्या फडक्यातले?

आयटीवाला : दहाच्या दहा.

आजी : मग दाण्यांत खोट नाही. माती कच्ची आहे. अजून पंधरा दिवस.

सेक्रेटरी : आणि याची ती टोमॅटोची रोपं?

आयटीवाला : वाळली. फोटो पाठवला, पैसे परत आले.

सेक्रेटरी : मग आता लावायची कधी?

आजी : मातीत आठ-नऊ दाणे उगवले की लावायची. तोवर मंडई उघडी आहे.