घरच्या खुराड्याचे पर्जन्यरक्षण : एक नियमावली

प्रस्तुत नियमावली दापोली तालुक्यात परसदारी आठ-दहा कोंबड्या बाळगणाऱ्या कुटुंबांसाठी आहे. इथे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये उरकतो. व्यावसायिक पोल्ट्रीवाल्यांनी हिच्या वाटेला जाऊ नये. त्यांना कर्ज मिळतं, सल्लागार मिळतात. आम्हाला भावोजी मिळाले.

व्याख्या : 'भावोजी' म्हणजे यजमानांचे थोरले बंधू. नोकरीची सगळी वर्षं मुंबईत काढून कायमचे गावी आलेले. येताना ड्रिल मशीन, पाणसळ आणि 'गावात कोणाला काही शास्त्र नाही' हा विश्वास सोबत आणलेले. बहुतेक घरांत असा एक असतोच. आपल्याकडे नसल्यास नियम 4 वगळून वाचलं तरी चालेल.

नियम 1. दिशा. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम धरावी. उन्हाळ्यात ऊन थेट आत येत नाही आणि पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून, पश्चिमेकडून सुटला की त्याच्या तोंडी आखूड भिंत येते. दार पूर्वेला असावे. हे सगळं भावोजींनी आलेखाच्या कागदावर स्वतः काढलं होतं, बाणांसकट. बांधायला घेतल्यावर कळलं, की पडवीतल्या त्यांच्या खुर्चीवरून पूर्वेचं दार दिसत नाही. दार पश्चिमेला गेलं. आषाढात झड सरळ आत शिरली आणि कोंबड्या मागच्या कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर चढून बसल्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी झावळ्यांचा झाप विणला आणि दारावर टांगला. आता खुर्चीवरून झाप दिसतो.

नियम 2. जोते. जांभ्याचे चिरे लावून खुराडे जमिनीपासून दीड-दोन फूट उचलावे, भोवती चर खणावा. पाणी खालून वाहून गेलं पाहिजे, थांबता कामा नये. फटींना जाळी ठोकावी, कारण पावसात मुंगूसही कोरडी जागा शोधत असतो, आणि जेवणाची सोय असलेली मिळाली तर त्याला नको असते थोडीच.

नियम 3. छप्पर. कौलं उत्तम, पण फुटलेलं कौल बदलायला वर चढणारा माणूस हल्ली मिळत नाही. म्हणून पत्रा. पत्र्याला उतार सढळ द्यावा आणि तो भिंतीच्या पुढे निदान दोन फूट काढावा, म्हणजे पागोळ्या भिंतीवर न पडता चरात पडतात. स्क्रू नेहमी पन्हळीच्या उंचवट्यावर मारावा, खाली रबरी वायसर घालून. खोलगट भागात मारला, की वाहतं पाणी नेमकं त्याच भोकातून आत येतं. पत्र्यावर पावसाचा आवाज होतो, त्याला इलाज नाही. झावळ्या अंथरल्या तर थोडा कमी होतो. निळी ताडपत्री हे छप्पर नव्हे. एका पावसात तिच्या पोटात पाणी साचतं आणि दुसऱ्या उन्हाळ्यात तिच्या चिंध्या होतात. तरीही आमच्या घरी ताडपत्रीची एक गुंडाळी कायम असते, आणि ती का असते हे पुढच्या नियमात येईल.

नियम 4. भिंती. इथे शांतपणे लिहिण्याचा प्रयत्न करते. कोंबडीला पावसाळी गारव्याची फार पर्वा नसते, तिच्या अंगावर पिसं आहेत. तिला मारते ती कोंडलेली ओल. विष्ठा भिजली की अमोनिया सुटतो, डोळे चुरचुरतात, श्वास घरघरतो आणि ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू फोफावतात. म्हणून भिंतीचा खालचा भाग भरीव असावा आणि वर, छपराला लागून, वीतभर पट्टी चारही बाजूंनी मोकळी, नुसती जाळी मारलेली असावी. बसायचा दांडा तिच्यापेक्षा खाली. वारा डोक्यावरून जातो, दमट हवा बाहेर पडते, अंगाला झोत लागत नाही. इतकं साधं आहे.

पण चाळीतल्या खिडकीला दर जूनमध्ये प्लॅस्टिक लावलेल्या माणसाला हे पटवून दाखवा. हवामान खात्याने जोरदार पावसाचा इशारा दिला, की भावोजींनी संध्याकाळपर्यंत खुराडं चारही बाजूंनी निळ्यात गुंडाळलं, वरून चिकटपट्टी मारली, आणि 'आता एक थेंब जाऊन दाखवावा' असं आभाळाकडे बघून म्हणाले. थेंब गेला नाही. सकाळी झाप वर केला तेव्हा पहिली शिंक कोंबडीची आली, दुसरी भावोजींची. सासूबाईंनी विळी आणली आणि वरची वीतभर पट्टी सरळ कापून काढली. भावोजींच्या मते ही सुधारणा मूळ आराखड्यात होतीच.

चाचणी : पहाटे आपलं स्वतःचं डोकं खुराड्यात घालावं. डोळ्यांतून पाणी आलं तर कोंबड्यांच्याही येतं.

नियम 5. तूस. भाताचे तूस तीन-चार इंच पसरावे व रोज खाली-वर करावे. मूठभर घेऊन दाबावे. मूठ उघडताच सुटले तर ठीक, गोळा तसाच राहिला तर ओल धरली, काढून टाकावे. थोडा चुना मिसळावा. सबंध नियमावलीत हमखास लागू पडणारा नियम हाच. याला ड्रिल मशीन लागत नाही, म्हणून आमच्याकडे तो बायकांकडे आहे.

नियम 6. बुरशी आलेले खाद्य घालू नये. 'त्यांना काय कळतंय' असं कोणी म्हटल्यास ते त्याच्या पानात वाढावं.

नियम 7. राणीखेतची लस मृगाच्या आधी. हा रोग एकदा शिरला की त्याला औषध नाही. इथे मी विनोद करत नाही.

नियम 8. अंडी. पावसाळ्यात ती घटतात. कोंबडीला अंड्यासाठी दिवसाचा चौदा-सोळा तास उजेड लागतो, आणि आषाढातलं आभाळ तो देत नाही. भावोजींनी यावर टायमरचा बल्ब बसवला आहे. पहिल्या गडगडाटाला आमच्याकडे वीज जाते, त्यामुळे बल्बचा उपयोग मुख्यतः मे महिन्यात होतो.

नियम 9. आषाढ अमावस्येला, म्हणजे गटारीला, मुंबईहून अचानक आलेल्या पाहुण्यांपासून रक्षण करणारं कोणतंही छप्पर अद्याप निघालेलं नाही.

नियम 10. वादळ. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं आणि दापोली-मंडणगडात माणसांच्याच घरांवरची कौलं, पत्रे उडून गेले. तिथे खुराड्याची काय कथा. अशा वेळी खुराडं वाचवायला जाऊ नये, कोंबड्या वाचवाव्यात. सासूबाईंनी त्या दिवशी सकाळीच सगळ्या कोंबड्या डालग्यांखाली घालून माजघरात आणल्या. भावोजी तेव्हा टाळेबंदीत मुंबईला अडकले होते आणि फोनवरून सूचना देत होते, फोन बंद पडेपर्यंत. आमचं जुनं, कोणतंही शास्त्र नसलेलं खुराडं त्या दुपारी गेलं. आत्ताचं हे भावोजींचं.

आणि आता लिहिते आहेच तर हेही लिहून टाकते. रात्री पाऊस धरला की भावोजींना झोप येत नाही. बॅटरी आणि छत्री घेऊन ते परसात जातात, जाळीतून कोंबड्या मोजतात. एक कमी भरते, कारण तांबडीला खुराड्यापेक्षा फणसाची फांदी बरी वाटते. मग ते फणसाखाली उभे राहून तिला समजावतात, अगदी 'अहो-जाहो' करून. तांबडी ऐकत नाही. ते भिजून परत येतात, आलं घातलेला चहा मागतात, आणि ती मुद्दाम करते असं सांगतात. सासूबाई चहाचं आधण आधीच ठेवून बसलेल्या असतात.

विनंती : खुराडं बांधायला अनुभवी माणूस हवा असल्यास आमचे भावोजी एप्रिल-मे महिन्यात उपलब्ध आहेत. जेवणखाण तुमचं, ड्रिल मशीन त्यांचं. दाराची दिशा मात्र आपण स्वतः ठरवावी, आणि त्यांची खुर्ची त्यानंतर मांडावी. सात जूनच्या आत त्यांना घरी पोचतं करावं. त्यांच्याशिवाय आमची तांबडी कोणाला भाव देत नाही.