घसारानाना

खर्च दुसऱ्याचा असला की नानांच्या अंगात येतं. लग्नाचा बस्ता, बारशाचे पेढे, शेजारच्या बंगल्याचं वॉटरप्रूफिंग, काहीही चालतं. पैसे तेवढे स्वतःचे नसावेत. आमच्या पुतणीला बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळाला. क्लिनिकल पोस्टिंग सुरू व्हायच्या आधी काय काय घ्यायचं, ती यादी तिच्या मोबाईलवर आली, तेव्हा नाना आमच्या ओट्यावर चहा पीत बसले होते. यादी येण्याआधी नाना आलेले असतात. कसे, ते विचारू नका.

"थांब," ते म्हणाले. "आधी हेड पाडू."

खिशातून पाठकोरा कागद निघाला. रकाने पडले: वस्तू, नग, दर, तीन दुकानांची कोटेशनं. आणि सगळ्यात शेवटी, बाकीच्यांपेक्षा रुंद, एक रकाना. घसारा.

नाना पाटबंधारे खात्याच्या लेखा शाखेतून निवृत्त झाले. सरकारी हिशेब रोखीचा. आलं किती, गेलं किती, संपलं. त्यात घसारा धरतच नाहीत. जीपचा पत्रा गळून पडो नाहीतर कालव्याला भगदाड पडो, वहीत त्याला रकाना नाही. नोकरीभर दाबून ठेवलेली हौस माणसाने निवृत्तीनंतर फेडायची कुठे? आमच्या घरी.

"पांढरे बूट, दोन जोड," पुतणीने वाचलं.

नानांनी चार वर्षांचा कोर्स धरून स्थिर हप्ता पद्धतीने वर्षाला पंचवीस टक्के घसारा लावला. "पण नाना, सिनियर म्हणतात, वॉर्डात उभं राहून राहून पहिल्या वर्षातच तळवे जातात." दुसऱ्या कुणाचा हिरमोड झाला असता. नाना फुलले. "मग ऱ्हासमान शेष पद्धत घेऊ!" आणि त्यांनी अख्खा कागद नव्याने आखला.

पुढे फॉब वॉच आलं. हे छातीला उलटं टाचायचं घड्याळ. मनगटी घड्याळ का चालत नाही, यावर पुतणीने सांगितलं की हात कोपरापर्यंत धुवावे लागतात, मनगटावर काही नको. आणि उलटं अशासाठी, की मान खाली घातली की आपल्याला ते सुलटं दिसतं. नाडी मोजायला सेकंदकाटा हवाच. नाना गंभीर झाले. "वस्तू उलटी लटकते म्हणजे काट्यांवर ताण येणार. घसारा जास्त धरू." पॉकेट टॉर्च, कात्री, मेजरिंग टेप, डिजिटल थर्मामीटर, प्रत्येकाला टक्केवारी मिळाली. प्रोसिजर बुकला मिळाली. अंबाड्याच्या जाळीलासुद्धा मिळाली. काळ्या पिना तेवढ्या त्यांनी "उपभोग्य वस्तू" म्हणून सोडून दिल्या, तेही नाइलाजाने.

मग हेपॅटायटिस बीची लस. तीन डोस: आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी. आता ऑक्टोबर, म्हणजे तिसरा डोस एप्रिलमध्ये. "तो पुढच्या आर्थिक वर्षात टाकायचा," असा निर्णय झाला. "आणि घसारा?"

"नाना, ती लस आहे. बहुतेकांना पुढे कित्येक वर्षं पुरते."

नाना बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग त्या चौकोनात त्यांनी शून्य काढलं, ठळक, आणि म्हणाले, "पोरी, तुझ्या यादीत हीच एक खरी मालमत्ता."

खरेदीला तासगावहून मिरजेला जायचं ठरलं. एसटीत पुतणीला महिला म्हणून अर्धं तिकीट, नानांना ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्धं. "दोघांत मिळून एक तिकीट!" हे त्यांनी कंडक्टरला, शेजारच्या सीटवरच्या बाईंना आणि उतरल्यावर रिक्षावाल्याला सांगितलं. रिक्षा अर्थातच केली नाही. सर्जिकलच्या पहिल्या दुकानात मालकाने लिटमनचा स्टेथोस्कोप काढला, आठ हजारांच्या पुढचा. नानांनी शेजारचा काही शे रुपयांचा देशी उचलला, कानात घातला, त्याचं दुसरं टोक सरळ मालकाच्या सदऱ्यावर टेकवलं आणि म्हणाले, "यात ठोका येतोय. त्या आठ हजारांच्यात आणखी काय येतं? पेटी-तबला?"

मालकाने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवलं. नानांनी कोटेशन लिहून घेतलं आणि दुसरं दुकान गाठलं, मग तिसरं. पुतणी घरी आली तेव्हा तिचे पाय असे भरून आले होते की वॉर्डाचा सराव तिथेच झाला म्हणा.

मध्ये कधीतरी तिने त्यांना फ्लोरेन्स नाइटिंगेलबद्दल सांगितलं. दिवा घेऊन फिरणारी बाई नानांना ठाऊक होती. पण 1854 साली स्कुतारीच्या लष्करी इस्पितळात तिने 'टाइम्स'च्या वाचकांनी जमवलेल्या निधीतून सामानाची खरेदी केली, पुढे मृत्यूंच्या आकड्यांच्या आकृत्या काढल्या आणि लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीत निवडून आलेली ती पहिली स्त्री, हे ऐकल्यावर नानांनी तिला आपल्या खात्यातच जमा करून घेतलं. "म्हणजे मूळची हिशेबातली," ते म्हणाले. "दिवा कशाला? व्हाउचर तपासायला."

एवढा सगळा कागद तयार झाला, बेरीज साडेसहा हजारांच्या आत बसली, आणि कॉलेजची नोटीस लागली: संपूर्ण किट कॉलेजमधूनच घेणे बंधनकारक. रक्कम अकरा हजार. कॉलेजचं नाव सांगत नाही. अशी नोटीस पाहिलेल्या पालकांना ते आपापलं आठवेल. किटमधला स्टेथोस्कोप तोच, काही शे रुपयांचा. बूट हलके. मुलीला दुसऱ्या दिवसापासून वॉर्डात उभं राहायचंय, म्हणजे बाप भांडणार नाही, हे ज्याला पक्कं कळलंय तोच अशी किंमत लावतो.

आमचा भाऊ पैसे भरायला निघालाही होता. नाना बरोबर गेले. खिडकीवरच्या माणसाशी ते भांडले नाहीत, हे मी मुद्दाम सांगतो, कारण भाजीवाल्याशी ते भांडतात. त्यांनी एवढंच म्हटलं, "पावती द्या. वस्तुवार. दरासकट." पावती नाही, म्हणाले. "मग मी बसतो," नाना म्हणाले आणि बाकड्यावर बसले. मांडीवर तो पाठकोरा कागद. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, काय आहे हो ते? नानांनी दाखवलं. त्यांनी वाचलं, पुढे दिलं. जेवणाच्या सुट्टीनंतर खिडकी उघडली, तेव्हा रांगेतला जो तो पावती मागत होता, वस्तुवार, दरासकट. कुणी कोल्हापूरच्या बाजूचे, कुणी आटपाडीचे. एकाने गाय विकून फी भरली होती.

किटची रक्कम फारशी उतरली नाही. पण दोन दिवसांनी नोटिशीत बूट, बीपीचं यंत्र आणि स्टेथोस्कोपपुढे "ऐच्छिक" असा शब्द पेनाने लिहिलेला दिसला. इतका कंटाळवाणा माणूस इतक्या पोरींच्या उपयोगी पडावा, याचा मला थोडा रागच आला.

बीपीचं यंत्र मग नानांच्या तिसऱ्या दुकानातून आलं. पुतणीला हात बसवायला दंड हवे होते. नानांनी गल्ली तिच्यापुढे आणून बसवली आणि रजिस्टर घातलं: नाव, वय, वरचा आकडा, खालचा आकडा. प्रत्येक नोंदीमागे यंत्राचा खर्च किती वसूल झाला, तेही कडेला. पानं भरली. कुलकर्णीकाकू दोनदा, पिठाच्या गिरणीवाला, पोस्टमन. नानांचं नाव कुठेच नव्हतं. पुतणीच्या ते लक्षात आलं. आमच्या कुणाच्या नाही.

"नाना, तुमचा दंड."

"माझं काय बघायचं? सुस्थितीत आहे."

तिने पाच मिनिटं गप्प बसवून घेतलं. 172/104. "यंत्र तपासून घे," नाना म्हणाले. दुसरा दंड, 168/102. मग पुन्हा पहिला, 166/100. नानांनी तिन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि सवयीने शेवटच्याला गोल केला. "तीन कोटेशनं झाली. कमीत कमी ते मंजूर."

"इथं तसं नसतं हो, नाना," ती म्हणाली. "इथं सरासरी काढतात. आणि सरासरीही मंजूर होण्यासारखी नाही. उद्या डॉक्टरांकडे जायचं. मी येते बरोबर."

डॉक्टरांनी आणखी दोनदा बोलावून बीपी पाहिलं, मग गोळी लिहून दिली. दुकानात नानांनी भाव विचारला, दुसरं कोटेशन मागितलं नाही. घरी येऊन चष्मा लावला, पान उलटलं, पेन काढलं आणि तिला विचारलं, "ही गोळी किती दिवसांची?"

"रोज घ्यायची, नाना. कायमची."

"हं," नाना म्हणाले. "मग ही भांडवली खर्चात नाही धरता येणार. महसुलीत टाकतो."