सव्वासातचे मामा

ग्लासगोत शनिवारी सकाळी सव्वासातला दाराची घंटा वाजली, तर दारात एकतर पोलीस असतात किंवा मामा. पोलीस निदान दोन मिनिटं आत येऊन बसतील. मामा उंबऱ्याबाहेरूनच मनगट पुढे करून घड्याळ दाखवतात आणि म्हणतात, "मामी गाडीत बसलीय."

खरं तर ते माझ्या बायकोचे मामा, पण गावातल्या सगळ्या मराठी घरांचे तेच मामा. मूळचे लालबागचे, इथे येऊन तीस वर्षं उलटली. "एका दिवसात होतं" हा त्यांचा जीवनविषयक दृष्टिकोन. पिटलॉक्री? एका दिवसात होतं. ओबान? होतं. स्काय बेट? इथे मामी विणकामातून मान वर करतात, म्हणून "पहाटे तीनला निघालं तर" अशी पुस्ती जोडली जाते. मुक्कामाचं नाव काढलेलं त्यांना खपत नाही. "झोपायला पैसे? झोप घरी फुकट आहे."

भारतातून पाहुणे येतात ते एडिंबराचा किल्ला मनात धरून. मामा म्हणतात, "तो फोटोत बघा. मी तुम्हाला स्कॉटलंड दाखवतो." मामांचं स्कॉटलंड म्हणजे तासा-दीड तासावरचं लहानसं गाव. एक चर्च, महायुद्धात गेलेल्या मुलांच्या नावांचा दगडी खांब (मामा सगळी नावं वाचतात, आपल्यालाही वाचावी लागतात), घरांच्या दलालाची काच (ही मोठ्याने वाचतात, प्रत्येक किमतीचे रुपये करून), एक चॅरिटी शॉप आणि गावाबाहेर डिस्टिलरी. चॅरिटी शॉपमध्ये मामी गडप होतात. त्यांच्या घरात एकाही कपाला मूळची बशी नाही.

जेवण गाडीतच. बाहेर आडवा पाऊस, काचांवर वाफ, मांडीवर फॉइल उघडून तिखटमिठाच्या पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी. डिस्टिलरीच्या पार्किंगमध्ये भिजलेल्या बार्लीचा गोडसर, लापशीसारखा वास भरून असतो. मामींनी लसणाच्या चटणीची डबी उघडली की तो निमूट माघार घेतो.

ग्लेनगॉयनला मामांचा एक विधी असतो. ही डिस्टिलरी १८३३ पासूनची, ग्लासगोहून अर्ध्या-पाऊण तासावर. तिची दारू गाळली जाते रस्त्याच्या एका बाजूला, ती हायलंड. आणि पिंपात मुरते पलीकडच्या गोदामात, तो लोलंड. मधे नुसता रस्ता. मामा त्या रस्त्यावर पाय फाकून उभे राहतात. "हा पाय घाटावर, हा कोकणात. फोटो काढ." मागून लॉरी भोंगा वाजवते. मधे ना घाट ना खिंड, ना वळणावर एखादा वडापाववाला, तेव्हा कोकणाची उपमा मला कधी पटलेली नाही. पण फोटो दर वेळी मीच काढतो.

आत गेल्यावर ते गाईड मुलीला एकच प्रश्न विचारतात, "उरलेल्या बार्लीचं काय करता?" उत्तर त्यांना तोंडपाठ आहे. ती "गुरांना घालतो" म्हणाली की आमच्याकडे वळून, जणू आत्ताच शोध लागल्यासारखे, "बघा, चोथासुद्धा वाया जात नाही!" मग तीन वर्षांचा कायदा: ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं मुरल्याशिवाय व्हिस्कीला स्कॉच म्हणता येत नाही. आणि दर वर्षी पिंपातून साधारण दोन टक्के उडून जाते, तो देवदूतांचा वाटा. "म्हणजे नैवेद्यच," मामा म्हणाले. "नैवेद्य निदान परत मिळतो," मामी म्हणाल्या.

क्रीफजवळच्या ग्लेनटरेट डिस्टिलरीत टाउझर नावाच्या मांजरीचा पुतळा आहे. धान्याच्या राखणीला होती. जवळजवळ चोवीस वर्षं जगली आणि २८,८९९ उंदीर मारले म्हणून गिनेसच्या पुस्तकात गेली. "मोजले कुणी?" मामींनी विचारलं. मामांनी गाडीत हिशेब मांडला, दिवसाला तीनच्या वर पडतात, सुट्टी न घेता. "एवढी हजेरी आमच्या ऑफिसात कुणाची नव्हती," असं म्हणून ते पुढचे दहा मैल गप्प होते. आदर, दुसरं काय.

डीनस्टनची गोष्ट मात्र वेगळी. डून गावाजवळ टीथ नदीच्या काठी ही मुळात कापसाची गिरणी, १७८५ ची. १९६५ मध्ये बंद पडली आणि लगेच तिची डिस्टिलरी झाली. पिंपं ठेवलीत ती जुन्या विणकामाच्या शेडमध्ये, कमानीच्या छताखाली. दमट हवेत सूत तुटत नाही. आता त्याच हवेत दारू मुरते. गाईड हे सांगत होती आणि मामांनी चोथ्याचा प्रश्न विचारलाच नाही. भिंतीला तळवा लावून उभे राहिले. "आमचे अण्णा मुंबईच्या गिरणीत साचेखात्यात होते," ते मला म्हणाले. "सातच्या पाळीला. भोंग्याआधी घराबाहेर. ब्याऐंशीच्या संपानंतर परत गेलेच नाहीत. आमच्या गिरण्यांचे मॉल झाले. ह्यांनी निदान भिंती तरी ठेवल्या." मग घड्याळ पाहिलं. "चला, साडेतीन झाले, स्टर्लिंगला ट्रॅफिक लागेल."

गंमत म्हणजे इतक्या डिस्टिलऱ्या पालथ्या घालून मामांनी व्हिस्कीचा थेंब चाखलेला नव्हता. गाडी तेच चालवतात. डिसेंबर २०१४ पासून स्कॉटलंडमध्ये रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा शंभर मिलिलिटरला ८० वरून ५० मिलिग्रॅमवर आली, त्यामुळे ड्रायव्हरला त्याचा वाटा इवल्याशा बाटलीत घालून घरी देतात. त्या बाटल्या मामा खोकल्याच्या औषधासारख्या चिकटपट्टी लावून, तारीख घालून ठेवतात. आधी देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवत. मामींनी तिथून हलवल्या. सध्या शिवणाच्या मशीनच्या पेटीत एकतीस आहेत. "योग्य प्रसंगी उघडू." मुलीचं लग्न झालं, नातू झाला, निवृत्ती झाली. प्रसंग काही योग्य ठरला नाही.

गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि महिनाभर गाडी बंद. दुसऱ्याच शनिवारी सव्वासातला घंटा. दारात मामा, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात स्वतःच्या गाडीची किल्ली. "तू चालव. मी वाट सांगतो." वाटेत त्यांनी मला तीनदा गिअर बदलायला लावला, दोनदा ब्रेक स्वतःच्या पायाखाली शोधला.

डिस्टिलरीची टूर संपली. गाईडने पेले मांडले आणि त्यांच्यापुढे एक सरकवला. आज पिणं रीतसर शक्य होतं. मामांनी पेला उचलला, नाकाशी नेला, उजेडात धरला, माझ्याकडे बघितलं आणि मुलीला म्हणाले, "मला ड्रायव्हरवाली बाटली मिळेल?"

"पण गाडी तर हे चालवताहेत ना?"

"हा नुसतं स्टिअरिंग धरतो," मामा म्हणाले.

मुलीने दोन बाटल्या दिल्या. गाडीत बसल्याबरोबर त्यांनी खिशातून चिकटपट्टी काढली, चष्मा कपाळावर चढवला आणि दोन्हींवर तारीख घातली.